तारीखवाली

सुरेखा दरवर्षी एकाच तारखेला आमच्या कचेरीत येई. हातात पारदर्शक प्लास्टिकचं पाकीट आणि त्यात आमच्याच वर्तमानपत्राचं तीन ओळींचं कात्रण. ती ते माझ्या टेबलावर ठेवी, मला सरळ वाचता यावं म्हणून फिरवी आणि विचारी, "भाऊ, दुरुस्ती कधी छापता?"

ही तारीख तिच्या जुळ्या बहिणीच्या मृत्यूची नव्हती. मृत्यूची बातमी छापून आली त्या दिवसाची होती. "मरणाची तारीख घरचे पाळतात," ती म्हणे. "खोटं छापल्याची मी पाळतो."

आमचा शिपाई भोजराज गोंदिया शहरातला, बोलणं सगळं हिंदीतलं. तिसऱ्या वर्षापासून तो तिला जिन्यावर पाहिलं की तिथूनच आवाज देई, "सर, तारीखवाली आ गई." तिला ते ऐकू जाई. "आली," ती म्हणे, "खुर्ची पुसून ठेव." भोजराज खुर्ची पुसे आणि चहा विचारी. ती चहा घेत नसे, पण 'नको' म्हणत नसे. "राहू द्या" म्हणे. कधी "पुढच्या खेपेला" म्हणे. बातमीच्या धंद्यात दिवसभर लोकांचे नकार ऐकावे लागतात, म्हणून हे माझ्या लक्षात आलं. नऊ वर्षांत मी तिच्या तोंडून 'नाही' हा शब्द एकदाच ऐकला.

या मजकुरातल्या माणसांची नावं बदलली आहेत. गावं तीच आहेत.

ती पहिल्यांदा आली ती बातमी छापली त्याच दिवशी, दुपारी. वय एकवीस. अंगावर धुतलेला पण इस्त्री नसलेला पंजाबी ड्रेस. आदल्याच दिवशी बहिणीवर अंत्यसंस्कार झाले होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिने टेबलावर अंक ठेवला आणि एका जागी बोट टेकवलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"तुम्ही होते तिथं?"

"पोलिसांकडून मिळालं."

"पोलिसांना कोणी सांगितलं?"

"घरच्या कर्त्या माणसाने. तुमचे काका असतील."

"मोठेबाबा," ती म्हणाली. "चक्कर त्यांनीच टाकली तिच्या अंगावर. रेखाला कधी चक्कर आली होती का विचारा गावात. तिला उदासीचा आजार होता. चार महिने उठून राहिली होती फक्त संडासला. घरात सगळ्यांना मालूम होतं. लिहून घ्या."

बातमी अशी होती : कामठा येथील एका तरुणीचा शेतात चक्कर येऊन पडल्याने मृत्यू झाला. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आहे. पुढील तपास सुरू आहे. पुढील तपास सुरू नव्हता. रेखा कशी गेली ते मी तेव्हा लिहिलं नाही आणि आताही लिहीत नाही. ते न लिहिणं बरोबर होतं. त्याच्या जागी चक्कर लिहिली ती चूक होती.

मी तिला नियम सांगितला. पोलिसांच्या नोंदीवर छापलेली मृत्यूची बातमी घरातल्या एकीच्या सांगण्यावर बदलता येत नाही. ज्याने ती माहिती दिली त्यानेच, साक्षीदारांसमोर, ती फिरवली तर दुरुस्ती छापता येईल.

"म्हणजे ज्यानं खोटं सांगितलं त्यानंच खरं सांगायचं."

"नियम तसा आहे."

"ठीक," ती म्हणाली. "त्याच्याच तोंडून आणतो." अंकातून तिने ती बातमी माझ्याच कात्रीने कापून घेतली, कात्री जागेवर ठेवली आणि गेली.

कामठ्याचं ते घर पोवारांचं, जमीनजुमल्याचं. पूर्वज माळव्यातून आले, हे त्या घरात पाहुण्याला पहिल्या अर्ध्या तासात सांगितलं जातं. सुरेखाचे वडील मुली चार वर्षांच्या असताना वारले. तेव्हापासून त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठेबाबा, घराचे कर्ते. त्यांच्याविषयी गावात मी नंतर बरंच विचारलं. वाईट कोणी बोललं नाही. पुतण्यांना त्यांनी स्वतःच्या मुलापेक्षा कमी केलं नाही. त्यांचा एक नियम होता : जे एकीला ते दुसरीला. सायकली दोन आणल्या. कान एका दिवशी टोचले. एकीला ताप आला की काढा दोघींना. सुरेखा सांगे, "आजारी रेखा पडे, तोंड माझं कडू होई. मी म्हणे, मला कायले? तर मोठेबाबा म्हणे, आज तुले बरं वाटून राहिलं, उद्या तुलेच लागंल हा काढा. पी."

त्यांचं दुसरं वाक्य मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे : "घरचं दुखणं ओट्यावर आणत नसतात."

रेखा मृत्यूआधी चार महिने झोपूनच होती. आधी जेवण सुटलं, मग बोलणं. मोठेबाबांचा मुलगा महेश तेव्हा विसाचा होता. त्याने एकदा जेवताना विचारलं, हिला गोंदियाला दवाखान्यात नेऊ का. मोठेबाबांनी त्याला ताटावरून उठवलं. कारण असं, की दोघी बहिणींसाठी गोरेगावकडचं एक स्थळ आलं होतं. दोन सख्खे भाऊ, दोन सख्ख्या बहिणी, मांडव एक. दोघींपैकी एकीला डोक्याचं काही आहे हे कळलं असतं तर दोन्ही सोयरिकी मोडल्या असत्या. एकीला आहे ते दुसरीलाही असणार, असं लोक धरूनच चालतात. जे एकीला ते दुसरीला, हा नियम मोठेबाबांच्या ओट्याबाहेरही चालत होता.

त्याच सुमारास एका वैद्यकीय संस्थेचं सर्वेक्षण जिल्ह्यात सुरू होतं. तरुण वयाच्या जुळ्यांमध्ये मनाचे नेहमी आढळणारे आजार, म्हणजे उदासी, भीती, झोप उडणं, किती जणांना आहेत, हे त्यांना मोजायचं होतं. मी त्याची बातमी आतल्या पानावर दिली होती. जुळीच का, हे त्यांच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं. एकाच पोटातून आलेली, एकाच घरात, एकाच ताटातलं खाऊन वाढलेली दोन माणसं. त्यातलं एक आजारी पडलं आणि दुसरं पडलं नाही, तर फरक कशाने पडला ते शोधता येतं. दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारायचे. ज्याच्या उत्तरांत आजार दिसेल त्याला डॉक्टरांच्या नावाचं एक पिवळं कार्ड द्यायचं. कार्ड दाखवलं की तपासणी आणि औषध फुकट.

सर्वेक्षणाची मुलगी कामठ्याला आली ती पाहुणे यायच्या आठवडाभर आधी. तिच्याबरोबर आलेली आरोग्यसेविका नवऱ्यामुलांच्या आईच्या गावची होती. मोठेबाबांनी ते ओट्यावरच विचारून घेतलं आणि आत येऊन सुरेखाला सांगितलं, काय करायचं ते.

हे तिने मला तिसऱ्या वर्षी सांगितलं. आवाज खालीवर झाला नाही.

"आधी माझा फॉर्म झाला. सगळं ठीक. मग मी आत गेली, ओढणी बदलली, भांग दुसऱ्या बाजूला पाडला आणि रेखा बनून बाहेर आली. ती पोरगी विचारून राहिली, झोप उडते का, रडू येते का, जगणं नकोसं वाटते का. प्रश्न असे फिरवून ठेवले होते की धड असलेल्या माणसाचं उत्तर दर वेळी एकच येते. मी तेच दिलं. प्रत्येक प्रश्नाला तेच. शेवटी शेवटी तर प्रश्न पुरा व्हायच्या आधी देऊन राहिली."

"तिला संशय आला नाही?"

"माझा अंगठा तव्यावर भाजला होता. हळदीची चिंधी होती बांधलेली. तिनं पहिल्या फॉर्मच्या वेळी विचारलं होतं, काय झालं म्हणून. दुसऱ्या वेळी तिनं अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग टिक केली. तिला त्या दिवशी अजून दोन गावं होती."

तेव्हा मला तिच्या 'राहू द्या'चं कारण कळलं. मी ते तिला बोलून दाखवलं नाही.

रेखाला कार्ड मिळालं नाही. पाहुणे आले, पसंती झाली, पाहुण्यांसमोर रेखाला दहा मिनिटं दोन बायकांनी धरून बसवलं, लाजते म्हणून सांगितलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली. सोयरीक तरीही मोडली. गोरेगावहून निरोप आला, की चक्कर असो की काही असो, जुळी आहे, एकीचं ते दुसरीचं.

सुरेखा त्या संस्थेतही जाऊन आली. फॉर्म खोटा आहे, फाडा, असं तिने सांगितलं. तिथल्या माणसाने समजावलं की माहिती गोपनीय असते, नावं काढून टाकलेली असतात, आता कोणता फॉर्म कोणाचा ते त्यांनाही सांगता येणार नाही. "त्यांच्या यादीत रेखा आजही ठणठणीत आहे," ती मला म्हणाली. "डॉक्टरला जो फरक शोधायचा होता तो मी सांगितला असता. मी उठू शकत होती, एवढाच."

तिचा सूड दुसऱ्या वर्षी सुरू झाला. सूड हा शब्द माझा नाही, तिचा आहे. "लोक म्हणतात दुःख आहे," ती म्हणे. "दुःख रेखाला होतं. मला सूड आहे."

पद्धत साधी होती. आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत, पोहे-चहा झाल्यावर, मुलीकडचा कोणी वडीलधारा सहज म्हणून विचारतो, घरात काही दुखणं-बिखणं? या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसतं. महेशच्या पहिल्या बैठकीत हा प्रश्न आला तेव्हा सुरेखा दारातून म्हणाली, "होतं. माझ्या बहिणीला मनाचा आजार होता. घरातच लपवून ठेवलं. मेली. मोठेबाबा सांगतील पुढचं." आणि मोठेबाबांकडे पाहत उभी राहिली. मोठेबाबा म्हणाले, पोरगी बहिणीच्या दुःखाने अशी बोलते. पाहुणे उठले.

दुसरी बैठक तिला न कळवता मुर्रीला एका नातेवाइकाकडे ठेवली. हे मी पाहिलेलं नाही. सुरेखाकडून आणि त्या घरच्या यजमानांकडून वेगवेगळं ऐकलं, दोन्ही जुळलं. पाहुणे चहाला बसले आणि दारात स्कूटी थांबली.

"तू काऊन आली?" मोठेबाबांनी विचारलं.

"बोलावणं राहून गेलं म्हणून."

"सुरेखा, इज्जतीचा सवाल आहे."

"तोच घेऊन आली, मोठेबाबा. पाहुण्यांसमोर एकदा सांगा रेखाला काय होतं. मी चहा वाटतो आणि मुकाट्यानं जातो. तुमची सोयरीक तुम्हाला लखलाभ."

मोठेबाबांनी पाहुण्यांपुढे चहाचे कप सरकवले. मग ती बोलली. तिसरं स्थळ तर बैठकीपर्यंत पोहोचलंच नाही. सुरेखा आधीच मुलीच्या घरी जाऊन आली होती.

मी एकदा तिला विचारलं, महेशने काय केलं? दवाखान्यात नेऊ का असं विचारणारा त्या घरात तोच एक होता.

"मालूम आहे," ती म्हणाली. "महेश निर्दोष आहे. रेखाही निर्दोष होती. निर्दोष माणसाला भोगावं लागते तेव्हाच त्या घरात आवाज होतो, हे मोठेबाबांनीच शिकवलं."

मधल्या काळात तिला गोंदियाच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर कंत्राटी नोकरी लागली. घर सोडून ती शहरात खोली घेऊन राहिली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी त्या रांगेत असे, म्हणून तिचं काम मी पाहिलं आहे. खिडकीवर प्रत्येकाला विभाग विचारावा लागतो. कोणी पुटपुटलं, इकडेतिकडे पाहिलं, डोकं दुखते पण तसं दुखत नाही असं काही बोललं, की सुरेखा पुढचं विचारत नसे. काचेच्या फटीतून एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल सरकवी. माणूस त्यावर लिही, किंवा ज्याला लिहिता येत नसे तो फक्त मान हलवी. ती केसपेपरवर शिक्का मारून म्हणे, "खोली अकरा, उजवीकडून, तिकडे गर्दी कमी असते." मानसोपचार हा शब्द त्या खिडकीवर मोठ्याने उच्चारला जात नसे. ही चिठ्ठीची पद्धत तिने स्वतः सुरू केली होती. वरिष्ठांना ती आवडली आणि दुसऱ्या खिडकीवरही लागू झाली.

गेल्या वर्षी अशाच एका सोमवारी मी रांगेत चौथा होतो. माझ्या पुढे मोठेबाबा होते, त्यांच्या बाजूला महेश. मी मोठेबाबांना ओळखलं, त्यांनी मला ओळखलं नाही. महेशचा शर्ट चुकीच्या गुंड्यांनी लावलेला होता. तो जमिनीकडे पाहत होता. रांगेत मागे कामठ्याचे निदान तिघे-चौघे होते, राम-राम झाला होता.

खिडकीपाशी पोहोचल्यावर मोठेबाबा दचकले. ती इथे असते हे त्यांना ठाऊक असावं, पण त्याच खिडकीवर, हे नसावं. दुसरी खिडकी त्या दिवशी बंद होती.

"महेशले ताप आहे," ते म्हणाले. "जनरलची चिठ्ठी दे."

"ताप मोजतो इथं," सुरेखा म्हणाली. "तो तर गार आहे. झोप कधीपासून उडाली?"

मोठेबाबा काचेच्या फटीकडे पाहत होते. चिठ्ठीची पद्धत त्यांनी पुढच्या माणसाच्या वेळी पाहिली होती. चिठ्ठी आली नाही. सुरेखाने मान उंचावून रांगेवर नजर फिरवली. कामठ्याच्या माणसांवरून ती माझ्यापर्यंत आली आणि थांबली. मग तिने पेन्सिल खिशाला लावली.

"विभाग सांगा, मोठेबाबा."

ते हळू आवाजात काही बोलले.

"मोठ्यानं. मधे काच आहे."

"मानसोपचार," मोठेबाबा म्हणाले.

"घरात आधी कोणाला होतं?"

हा प्रश्न खिडकीच्या अर्जात नाही. मला ते माहीत होतं आणि मी बोललो नाही.

"बेटा, पोरगा उभा आहे."

"रेखा पडून होती. सांगा, कोणाला होतं?"

"रेखाले."

"काय होतं?"

"हेच होतं. जे याले आहे तेच." त्यांचा आवाज आता आपोआप मोठा झाला होता. "चार महिने होतं. दवाखान्यात नेली नाही. मी नेऊ दिली नाही. चक्कर मी सांगितली पोलिसाले."

"काऊन?"

"तुयं लगन जमत होतं म्हणून," मोठेबाबा म्हणाले. "अजून काय पाहिजे तुले?"

सुरेखाचा चेहरा मला काचेतून दिसत होता. त्यावर काही झालं असेल तर मला ते सांगता येणार नाही. तिने शिक्का मारला, केसपेपर फटीतून सरकवला आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की महेश तिथे नाही. रांगेतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि तो दारातून बाहेर निघून गेला होता.

मोठेबाबा कठडा धरून तसेच उभे राहिले. सुरेखाने खिडकीची फळी पाडली. रांगेतून शिव्या आल्या. ती मागच्या दाराने बाहेर गेली. बाहेर मोटरसायकलींच्या गर्दीत तिला तो सापडायला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं : अकरा मिनिटं.

तिथे काय बोलणं झालं ते महेशने मला पुढे सांगितलं. तो गाडीची किल्ली लावून बसला होता. तिने किल्ली काढून घेतली.

"माझी तीन लग्नं मोडली तू," महेश म्हणाला. "आज चौथंही मोडलं. सगळं गाव होतं तिथं."

"मोडलं. वैर आहे माझं तुझ्या घराशी, ते राहील. पाचवं नीट मोडायचं तर तू धड पाहिजे. आत चल."

महेश म्हणतो, सहा महिन्यांत तो तेव्हा पहिल्यांदा हसला, आणि हसताना रडायला लागला. तिने त्याला मागच्या दाराने खोली अकरामध्ये नेलं. दाराबाहेर बाकावर ती बसून राहिली. डॉक्टरांनी नातेवाईक म्हणून आत बोलावलं तेव्हा ती गेली नाही. "जे विचारायचं ते त्यालाच विचारा," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देणं मी सोडलं." महेश आता बरा आहे, औषध चालू आहे. कामठ्यातल्या तिघांना त्याने स्वतः त्या खोलीत नेलं आहे. त्यातली एक जुळ्यातली मुलगी आहे.

त्या दिवशीच्या रांगेतल्या एका बाईने तक्रार केली. रुग्णाचा आजार चारचौघांत वदवून घेतला, अशी. चौकशी झाली, तक्रार खरी निघाली, सुरेखाचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. तक्रार मोठेबाबांनी केली असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. सुरेखाला मी तिचं म्हणणं विचारलं. ती म्हणाली, "बाईचं बरोबर आहे. चिठ्ठी मीच सुरू केली, मीच मागे घेतली. तिच्या जागी मी असती तर मीही केली असती तक्रार."

दुरुस्तीसाठी लागणारं सगळं आता होतं. माहिती देणाऱ्याने स्वतः, साक्षीदारांसमोर, माहिती फिरवली होती, आणि साक्षीदारांपैकी एक मी होतो. तरी रीत म्हणून मी मोठेबाबांना फोन केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हटलं मी तसं," ते म्हणाले. "लिहा. ओट्यावर तर आलंच आहे." मग म्हणाले, "ती कशी आहे?" मी सांगितलं, रायपूरला एका खाजगी दवाखान्यात काम मिळालं आहे, जाणार आहे. त्यांनी फोन ठेवला.

दुरुस्ती यंदा त्याच तारखेच्या अंकात आली. त्याच पानावर, तीन ओळींतच बसवली : 'कामठा येथील तरुणीचा चक्कर येऊन मृत्यू झाल्याचे वृत्त नऊ वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाले होते. जुळ्या बहिणींपैकी थोरली असलेली ही तरुणी मानसिक आजाराने त्रस्त होती व तिच्यावर उपचार झाले नव्हते, असे कुटुंबप्रमुखांनी आता सांगितले आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

दुपारी ती आली. हातात पाकीट होतं, बाहेर रिक्षात तिची बॅग होती. रायपूरची गाडी तासाभरात होती. भोजराजने न सांगता खुर्ची पुसली. मी अंक तिच्यासमोर फिरवून ठेवला. तिने दुरुस्ती वाचली. पुन्हा वाचली. तीन ओळींना लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ तिने घेतला.

"मोठेबाबांना माफ केलंस का?" मी विचारलं.

"माफी वेगळी. ही नोंद आहे."

"आता झालं समाधान?"

"नाही," ती म्हणाली.

भोजराजने कपाटाकडून मागे वळून पाहिलं. तिने दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं, नऊ वर्षांपूर्वी ठेवलं होतं तसंच.

"थोरली मी आहे, भाऊ. वीस मिनिटांनी. बारशाला धाकटीला आधी पाळण्यात घातलं म्हणून पहिलं नाव तिला गेलं. रेखा-सुरेखा म्हटलं की सगळ्यांना रेखाच थोरली वाटते. तुम्ही विचारलं नाही."

मी खरोखरच विचारलं नव्हतं. नऊ वर्षं ती समोर बसत होती.

"काय फरक पडतो त्याने?" मी म्हणालो.

"फॉर्म घ्यायला ती पोरगी आली तेव्हा रेखा उठली होती. मागच्या खोलीच्या दारापर्यंत आली होती भिंत धरून. मला म्हणाली, सुरे, मी सांगू का तिला? मी म्हटलं, तू नको बोलू. तू पडून राहा, मी पाहून घेतो." सुरेखाने अंकाची घडी घातली. "मोठेबाबांचं ती ऐकत नव्हती. माझं ऐकलं. लहान होती ना."

तिने माझी कात्री घेतली, दुरुस्ती कापली, जुन्या कात्रणाच्या मागे पाकिटात सरकवली आणि कात्री जागेवर ठेवली. जिन्यापाशी ती वळली.

"पुढच्या वर्षी येतो," ती म्हणाली. "हीच तारीख."

खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. त्या तारखेला अजून वेळ आहे. दुरुस्तीची दुरुस्ती आम्ही छापणार आहोत, पण तोवर थांबायचं कारण मला दिसत नाही. थोरली सुरेखा. रेखा धाकटी होती.